पाठ गार झाल्यावर पांघरूण

भाऊजी माझे सख्खे दीर नव्हेत. ह्यांचे शाळेपासूनचे मित्र, आणि गेली बावीस वर्षं आमच्याच इमारतीत, बरोबर आमच्या खालच्या घरात राहतात. त्यांना शिंक आली तर माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येते, इतकं जवळ. मी त्यांना भाऊजी म्हणते, ते मला वहिनी म्हणतात, आणि इमारतीतली लहान पोरं त्यांना खटखट आजोबा म्हणतात. त्यांच्याबद्दल मला जे लिहायचं आहे ते मी गेले दोन महिने लिहायचं टाळलं. रोज रात्री जेवणं आटोपली की वहीत एक पान लिहायचा माझा नेम आहे. पान रोज भरलं. हे तेवढं त्यात आलं नाही.

भाऊजी एका विम्याच्या कचेरीत कॉम्प्युटर दुरुस्तीला होते. एकतीस वर्षं. कचेरीत पहिलं मशीन आलं तेव्हा ते लाकडी खोक्यातून बाहेर काढणारे हेच, आणि शेवटचं जुनं मशीन उचलून भंगारात टाकायची सही करणारेही हेच. सही केली, पण चार मशिनं भंगारात जाऊ दिली नाहीत. साहेबांना विचारून रीतसर घरी आणली. लग्न केलेलं नव्हतं. घरात थोरले भाऊ होते, त्यांची आठवण हळूहळू जात गेली. आधी चष्मा कुठे ठेवला ते विसरायचे, मग जेवलो की नाही ते, आणि शेवटी समोर बसलेला माणूस आपला धाकटा भाऊ आहे हेसुद्धा. सात वर्षं भाऊजींनी त्यांना आंघोळ घातली, भरवलं, दाराबाहेर निघून जाऊ नयेत म्हणून रात्रंदिवस राखलं. थोरले गेले त्या दिवशी भाऊजी ह्यांना म्हणाले, "मरणाची भीती नाही रे. असं होण्याची वाटते."

हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. विसरले होते असं म्हणायची सोय मला नाही.

भाऊ गेल्यावर घर खायला उठायचं. मग त्यांनी इमारतीच्या लोकांना विचारून जिन्याजवळची रिकामी खोली मागून घेतली, तिथे दोन टेबलं टाकली आणि चारही मशिनं मांडली. म्हणाले, शाळा सुटली की पोरांनी यावं, पाच वर्षांपासून आठ वर्षांपर्यंतच्यांनी. "त्याहून मोठी नकोत. मोठ्यांना ह्याची लाज वाटते," असं त्यांचं म्हणणं.

माझी नात टिल्ली तेव्हा पाच पूर्ण. लेक आणि जावई दोघं कामावर, त्यामुळे दुपारी ती माझ्याकडे. पहिल्या दिवशी मी तिला घेऊन खाली गेले तो तमाशा मला अजून दिसतो. सहा पोरं चार पडद्यांना चिकटलेली. प्रत्येक जण काचेवर बोट फिरवतोय, ढकलतोय, चिमटीत धरून मोठं करायला बघतोय. काहीच होईना.

"आजोबा, हे बिघडलंय."

"बिघडलं नाही. त्याला गुदगुल्या होत नाहीत," भाऊजी म्हणाले. "त्याच्याशी खालून बोलायचं. हा उंदीर धर."

एका पोरीने माऊस उचलला आणि टीव्हीच्या रिमोटसारखा पडद्याकडे रोखला. दुसऱ्याने तो सरळ काचेवरच टेकवला. टिल्लीने टेबलावर व्यवस्थित सरकवला, सरकवत सरकवत टेबलाच्या टोकाशी आणला आणि रडवेली होऊन म्हणाली, "आजोबा, जागा संपली. बाण अजून मध्येच आहे."

"उचल. हवेतून मागे आण. परत ठेव."

"मग तो मागे नाही जाणार?"

"उचलल्यावर त्याला कळत नाही तू कुठे गेलीस ते."

ही गोष्ट पोरांना इतकी आवडली की पुढचे चार दिवस ती माऊस उचलून खोलीभर फिरवायची आणि त्याला विचारायची, सांग आता आपण कुठे आलो.

मशीन सुरू व्हायला दोन-अडीच मिनिटं लागत. घरच्या फोनवर बोट टेकलं की चित्र हलतं, त्या पोरांना अडीच मिनिटं म्हणजे जन्म. आधी ती कंटाळून जिन्यावर पळायची. भाऊजी ओरडले नाहीत. म्हणाले, "बघू नका, ऐका." आधी एक टुक. मग पोटात गुरगुर. मग पंखा. मग कुरकुर-कुरकुर, म्हणजे तो आपलं सामान शोधतोय. आठवडाभरात टिल्ली डोळे मिटून सांगायला लागली, आता खोकला उठला, आता म्हातारा. ही नावं पोरांनीच ठेवलेली. एक म्हातारा, एक खोकला, एक मुकी, कारण तिचा स्पीकर गेलेला, आणि एक पिवळू. पिवळूचं प्लॅस्टिक जुन्या दातांसारखं पिवळं पडलं होतं.

प्रत्येकाला एकेक फ्लॉपी दिली होती, वर स्वतः काढलेलं चित्र चिकटवून. टिल्लीच्या फ्लॉपीवर मासा. त्यात तिने काढलेलं घर होतं, चौकोनावर त्रिकोण. ती मला म्हणाली, "आजी, माझं घर माझ्या खिशात आहे. आईच्या फोनमधलं सगळं आकाशात असतं, ना? हे फक्त माझ्याकडे आहे." त्या दिवशी ती खिसा दाबून धरूनच झोपली.

मलाही तिथे जायची सवय लागली. मी काही शिकले नाही, एका कोपऱ्यात जप करत बसायचे. मशिनांवर धूळ बसते म्हणून मी चारही पडद्यांना जुन्या जाड पडद्यांच्या कापडाची आच्छादनं शिवून दिली, आत थोडा कापूस घालून. पोरं त्याला पांघरूण म्हणायला लागली आणि संध्याकाळी निघताना मशिनांना झोपवायचा विधीच सुरू झाला. भाऊजींनी त्याचाही नियम केला. आधी मशीन बंद. मग पडद्याचं बटण. मग पडद्याच्या पाठीवर हात ठेवायचा. पाठ गार झाली की पांघरूण. "गरम माणसाला गोधडीत कोंबलं तर काय होईल?" ते विचारायचे आणि पोरं एका सुरात म्हणायची, "गुदमरेल." मग सगळी पोरं मशिनांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहायची. तापलेल्या लेकराच्या कपाळाला आई हात लावते, तशी.

त्या दिवशी मंगळवार होता. पाच वाजत आले होते. समोरच्या इमारतीतल्या एका म्हाताऱ्या बाईंचा रेडिओ लागत नव्हता, त्यांनी निरोप धाडला. भाऊजींनी तीन मशिनं बंद करून, गार करून, झोपवली. पिवळूवर टिल्लीचं चित्र चाललं होतं.

"वहिनी, मी जाऊन येतो. टिल्लीचं झालं की हिलाच सगळं करू द्या, तिला येतं."

"या तुम्ही. मी आहे."

बाकीची पोरं गेली. टिल्लीने फ्लॉपी काढून खिशात टाकली आणि आम्ही दोघी थोडा वेळ तिच्या शाळेतल्या भांडणाबद्दल बोलत बसलो. तेवढ्यात पडदा काळा झाला. मला वाटलं, बंद झालं. कोणी हात लावला नाही तर पडदा आपोआप काळा होतो आणि आत सगळं चालूच असतं, हे मला ठाऊक नव्हतं. सहा महिने त्या खोलीत बसून ठाऊक नव्हतं. घड्याळात पाहिलं तर माझी देवापुढे दिवा लावून वाचायला बसायची वेळ होऊन गेलेली. ती वेळ मी सहसा चुकवत नाही. त्याचा मला अभिमान आहे. होता.

"चल, घाल पांघरूण," मी म्हटलं.

टिल्लीने हात मागे घातला. "आजी, गरम आहे."

"असू दे. होईल गार."

"आजोबा म्हणतात थांबायचं."

"आजोबा म्हणतात ते रोज. आज मला उशीर होतोय. घाल बघू."

तिने घातलं. सगळीकडून नीट खोचलं, कुठे फट राहू नये म्हणून. दार ओढून आम्ही वर आलो. मी दिवा लावला, पुस्तक उघडलं. तिसऱ्या पानावर असताना जळक्याचा वास आला.

खाली पोचले तेव्हा भाऊजी आणि पहिल्या मजल्यावरचे शिंपी दादा खोलीतून खोकत बाहेर येत होते. मुख्य बटण पाडलेलं होतं. पांघरूण काळं पडून पडद्याला चिकटलेलं, भिंतीवर हातभर काजळी. आग अशी लागली नव्हती, धूरच धूर. कोणाला काही झालं नाही. पण जिन्यात सगळी इमारत जमली होती आणि ज्यांची पोरं तिथे येत त्या आयांचे चेहरे बघवत नव्हते.

इमारतीचे सेक्रेटरी आले. निवृत्त ग्रंथपाल आहेत, आवाज चढवत नाहीत, त्यामुळे जास्त लागतं. "हे चालू मशीनवर झाकण कोणी घातलं?"

भाऊजी गोंधळले होते. "मी तिघांवर घातलं. पिवळूवर... पिवळूवर नाही घातलं. टिल्ली बसली होती त्याच्यावर." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "नव्हतं ना घातलं, वहिनी?"

माझ्या मागे टिल्ली माझा पदर धरून उभी होती. समोर सगळी इमारत. ह्याच बाया माझ्याकडे संकटात प्रार्थना सांगायला येतात, मुलांना चार चांगल्या गोष्टी सांगा म्हणतात. मी तोंड उघडलं आणि त्यातून आलं, "टिल्लीचं चित्र तुम्ही असतानाच संपलं होतं. तुम्ही गेलात आणि आम्ही लगेच निघालो. मी हात लावला नाही. पांघरूण होतं वाटतं आधीपासून."

'वाटतं' हा शब्द मी का घातला ते मला माहीत आहे. देवासमोर पळवाट राहावी म्हणून.

भाऊजी माझ्याकडे बघत राहिले. संशयाने नाही. तो असता तर बरं झालं असतं. एखाद्या गणिताचं उत्तर मागच्या पानावर पाहावं आणि आपलं चुकलंय हे कळावं, तसे. मग हळूच म्हणाले, "वहिनी म्हणतात म्हणजे असणार. मीच घातलं असणार."

शिंपी दादा वातावरण सैल करायला म्हणाले, "अहो, होतं. परवा मी कात्री शोधत होतो अर्धा तास, ती हातातच."

कोणी हसलं नाही. भाऊजी तर नाहीच.

वर आल्यावर मी टिल्लीला जवळ घेतलं. "हे कोणाला सांगायचं नाही हं. आईला नाही, खालच्या आजोबांना नाही. कोणालाच नाही." तिने मान हलवली. "पिवळू मेला का?" एवढंच विचारलं. त्या रात्री वहीत मी लिहिलं, 'भाऊजींच्या खोलीत धूर झाला. देवकृपेने कोणाला इजा नाही.' एकही अक्षर खोटं नाही. परत वाचून पाहिलं आणि वही मिटली.

इमारतीची बैठक बसायच्या आधीच भाऊजींनी खोलीची किल्ली सेक्रेटरींच्या हातात दिली. म्हणाले, "माझा माझ्यावर भरवसा नाही, तुम्ही कशाला ठेवता." आठवडाभरात भंगारवाला आला. म्हातारा, खोकला आणि मुकी हातगाडीवर चढले. पोरं जिन्यात रांगेने उभी राहून बघत होती. एकीने मुकीच्या पाठीवर हात ठेवून पाहिला आणि म्हणाली, "गार आहे, न्या."

टिल्ली खाली गेलीच नाही. खिडकीतून बघत होती.

मग मी रोज बघत गेले, खालच्या घरात एक माणूस स्वतःला कसा संपवत आणतो ते. भाऊजी ह्यांना विचारायचे, आज वार कोणता? उत्तर त्यांना माहीत असायचं, तरी ताडून बघायचे. स्वयंपाकघरात त्यांनी कागद चिकटवले, गॅस पाहा, नळ पाहा. दाराला कुलूप लावून चार पायऱ्या उतरायचे, परत चढायचे, कुलूप ओढून बघायचे. पूर्वी इमारतीतल्या कोणाचाही मिक्सर, इस्त्री, पंखा हसत दुरुस्तीला घ्यायचे, आता हात जोडायचे. "मला नको. वायर कुठे लावली ते विसरीन आणि तुमच्या घरात काहीतरी होईल." ह्यांनी ओढून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी प्रश्न विचारले, घड्याळ काढायला लावलं, म्हणाले, वयाच्या मानाने स्मरण उत्तम आहे. घरी येऊन भाऊजी म्हणाले, "डॉक्टरांनी घड्याळ विचारलं. पांघरूण कुठे विचारलं? ते मी घातलं आणि मला काडीचंही आठवत नाही. दादाचंही असंच सुरू झालं होतं, तोही डॉक्टरांसमोर हुशार असायचा."

मी तेव्हा चहा ओतत होते. कपात ओतला, बशीत सांडला, पुसला. आता बोललं तर इतके दिवस का नाही, हे विचारतील. दर दिवशी तो प्रश्न एका दिवसाने मोठा होत होता. प्रार्थनेला मी जास्त वेळ बसायला लागले. ह्यांना वाटलं, भाऊजींसाठी बसते. तसंही होतं. भाऊजींना बरं वाटू दे म्हणून मी देवाकडे मागत होते, आणि त्यांना बरं वाटायला लागणारं एक वाक्य माझ्याच तोंडात होतं.

गेल्या आठवड्यात ह्यांनी सांगितलं, भाऊजींनी पुतण्याला पत्र लिहिलंय. पुतण्या लांब राहतो. त्याच्या गावात एकट्या म्हाताऱ्यांना सांभाळणारी एक संस्था आहे. 'मी कोणाला ओझं व्हायच्या आत आणि कोणाच्या घराला आग लावायच्या आत मला तिथे ठेव,' असं लिहिलं होतं. पुतण्या शनिवारी न्यायला येणार होता. घर रिकामं करायला घेतलं होतं.

"अडवा ना तुम्ही," मी ह्यांना म्हटलं.

"काय सांगून अडवू? तो ऐकतच नाही. तू सांगून बघ, तुझ्या शब्दाला मान आहे त्याचा."

बुधवारी संध्याकाळी मी टिल्लीला घेऊन देवापुढे बसले. रोज ती दिवसभरात काय काय झालं ते देवाला सांगते, तसं मीच शिकवलं आहे. दोन महिने ती नुसती हात जोडून गप्प बसायची, मला वाटायचं कंटाळली असेल. त्या दिवशी डोळे उघडून माझ्याकडे बघत तिने विचारलं, "आजी, कोणालाच नाही सांगायचं म्हणजे देवालापण नाही का?"

मी दिव्याची वात सारखी केली. तिला जवळ घ्यायचीही हिंमत झाली नाही.

गुरुवारी सकाळी मी खाली गेले. दाराशी बांधलेली खोकी होती. भाऊजी जमिनीवर बसून तारांची गुंडाळी करत होते, एकेक तार बोटावर घेऊन, नीट. ज्याची आठवण गेली तो माणूस असं गुंडाळत नाही, हे मला त्या क्षणीही दिसलं.

"या वहिनी. चहा टाकला असता, पण गॅसला सध्या मी हात लावत नाही."

मी बसले नाही. बसले असते तर न सांगताच उठले असते. "भाऊजी, पांघरूण तुम्ही घातलं नव्हतं. मी घालायला लावलं. टिल्ली म्हणत होती गरम आहे. मी ऐकलं नाही. आणि मग सगळ्यांसमोर खोटं बोलले."

त्यांनी तार खाली ठेवली. "मी तीनच झोपवली होती?"

"तीनच."

"पिवळूला हात लावला नव्हता मी?"

"नव्हता. तुम्ही म्हणालात तेच खरं होतं. सगळं जसंच्या तसं आठवत होतं तुम्हाला."

मग त्यांच्या तोंडावर जे आलं ते बघून मला वाटलं, हसतायत. पण खांदे हलत होते. दोन महिने मी त्या माणसाला रोज बघत होते, रडताना पाहिलं नव्हतं.

"मशिनं गेली त्याचं काही नाही," ते शेवटी म्हणाले. "ती जायचीच होती. पण रात्री झोपताना मी स्वतःचं नाव म्हणून बघायचो, वहिनी. सकाळी उठल्यावर पुन्हा म्हणायचो. आहे ना अजून, म्हणून."

मी माफी मागितली. ते 'ठीक आहे' म्हणाले नाहीत. "टिल्लीला पाठवा," एवढंच म्हणाले.

ती शाळेतून आली तशी तिला नेलं. मी दाराबाहेरच थांबले. तिने सगळं सांगितलं, भराभर, दोन महिने दाबून ठेवलेलं. शेवटी म्हणाली, "मी म्हटलं होतं थांबायचं, तरी मी घातलं."

"तू हात लावून पाहिलास ना?"

"हो."

"गरम आहे म्हणालीस ना?"

"हो."

"मग तुझं काम तू बरोबर केलंस. मोठ्या माणसाने ऐकलं नाही, ती तुझी चूक नाही."

हे ते मुद्दाम दाराबाहेर ऐकू जाईल असं बोलले की नाही, मला माहीत नाही. ऐकू आलं.

त्याच दिवशी मी सेक्रेटरींकडे गेले, आणि मग घरोघर, प्रत्येक आईला जाऊन सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं, दारं मात्र लवकर लावली. ह्यांनी तीन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. वहीतलं त्या मंगळवारचं पान मी काढलं आणि खाली राहिलेलं सगळं लिहिलं. जागा पुरली नाही.

पुतण्याला भाऊजींनी फोन करून नको म्हणून सांगितलं. खोकी सोडली. शिंपी दादांचं मोटार बसवलेलं शिलाई मशीन परवा भाऊजींनीच दुरुस्त केलं. सेक्रेटरी खोलीची किल्ली परत द्यायला आले तर भाऊजी म्हणाले, आता आत ठेवायला काही नाही, बघू पुढे. टिल्ली त्यांच्याकडे जाते. दोघं मिळून एक जुना रेडिओ उघडून बसतात.

माझ्याशी भाऊजी पूर्वीसारखेच बोलतात. वहिनी म्हणतात, चहा घेतात. काल जिन्यात भेटले, मी म्हटलं, "भाऊजी, दूध आलंय, तुमची पिशवी खालीच आहे." "बरं," ते म्हणाले. मग दोन पायऱ्या उतरून थांबले आणि वर येणाऱ्या शिंपी दादांना विचारलं, "दूध आलंय का हो?"

शिंपी दादा 'आलंय' म्हणाल्यावर भाऊजी खाली गेले.